उंचावर डोकं दुखतं ते मेंदूला रक्त कमी पडतं म्हणून नाही, त्या फॉरवर्डमुळे गोळ्या खाऊ नका

लेह-लडाखचा सीझन जवळ आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, कारण मामा-मामी जूनमध्ये लेहला चाललेत. मामाला स्टेंट टाकलाय, इकोस्प्रिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायला देतात ती ॲस्पिरिनची गोळी, त्याला रोजची आहेच, आणि मामीचा मला फोन, "अगं यात दुप्पट घ्यायला सांगितलंय, मग निघायच्या आदल्या दिवसापासून सुरू करू का यांना?" म्हणजे मेसेज नुसता वाचून सोडलेला नाही, करायची तयारी चालू होती. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिओलॉजी शिकवते, रक्ताभिसरण हा माझा रोजचा विषय, त्यामुळे यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

मेसेज थोडक्यात असा. उंचावर थंडीने रक्त घट्ट होतं, मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून डोकं दुखतं. उपाय काय, तर रक्त पातळ करायची गोळी दुप्पट घ्या, मुलांना अर्धी द्या. डोकं दुखलं की पाय उशीवर आणि डोकं खाली करून झोपा म्हणजे रक्त डोक्यात उतरेल. कापूर-लवंगेची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासासाठी डॉक्टर देतात ती गोळी) घेऊ नका, त्याने रक्त अजून घट्ट होतं. दिवसाला पाच लिटर पाणी प्या. रोज व्यायाम करणाऱ्यांना काही होत नाही. आणि शेवटी, डोकं दुखलं तरी बसून राहू नका, फिरत राहा, पुढे जात राहा, हालचालीने रक्त पातळ राहतं. खाली "एका मोठ्या हार्ट सर्जनचा सल्ला", नाव नाही.

सगळं ज्या एका वाक्यावर उभं आहे तेच उलटं आहे. उंचावर गेल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होत नाही, वाढतो. हे माझं मत नाही, मोजून झालेलं आहे आणि तेही साठ वर्षांपूर्वी. जॉन सेव्हरिंगहाऊस, म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजायचं इलेक्ट्रोड ज्यांच्यामुळे वापरात आलं ते, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हाइट माउंटनवर ३,८१० मीटरवर निरोगी माणसांच्या मेंदूचा रक्तप्रवाह मोजला आणि १९६६ मध्ये छापला. वर पोचल्यावर ६ ते १२ तासांत प्रवाह २४ टक्क्यांनी वाढलेला होता, तीन ते पाच दिवसांनी ती वाढ १३ टक्क्यांवर आली. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे ही जागा लेहपेक्षा जेमतेम तीनशे मीटर उंच. आणि आता त्या तासांकडे बघा, वर गेल्यावर डोकं दुखायला लागतं ते साधारण याच ६ ते १२ तासांत, आणि बहुतेकांचं एक-दोन दिवसांत ओसरतं. म्हणजे प्रवाह सगळ्यात जास्त असतो तेव्हाच डोकं ठणकत असतं, रक्त पोचत नसतं तर हे उलटं दिसायला हवं होतं.

असं का होतं तेही अवघड नाही. हवेतला ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच कमी, लेहला मुंबईच्या साधारण दोन तृतीयांश. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी चढतो. मेंदू आपल्या वजनाच्या दोन टक्के असून शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी वीसेक टक्के एकटा वापरतो, त्याला कमी चालत नाही, म्हणून त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि जास्त रक्त आत घेतात. एरवी मिनिटाला पाऊण लिटर जातं, त्यात २४ टक्के वाढवा म्हणजे अंदाज येईल. त्याच वेळी आपण जोरात श्वास घ्यायला लागतो, त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि तो कमी झाला की त्याच वाहिन्या आकसतात. या दोघांची ओढाताण चालते आणि सुरुवातीला रुंदावणं जिंकतं. कवटीत जागा ठरलेली, आत रक्त जास्त, थोडी सूज, बाहेर जाणाऱ्या शिरांवर ताण. मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतं ते त्याच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. हेही सांगते की नुसत्या प्रवाहाने सगळं होत नाही, ज्यांचं डोकं दुखत नाही त्यांचाही प्रवाह वाढतोच, त्यामुळे कोणाच्या कवटीत किती जागा आहे आणि कोणाची आवरणं किती हळवी आहेत यानेही फरक पडतो. पण "रक्त पोचत नाही" हे कुठल्याच बाजूने बसत नाही.

आता ते डोकं खाली पाय वर. हे वाचून मला खरंच संताप आला. आधीच कवटीत दाब वाढलाय आणि तुम्ही त्या माणसाला उलटं करून आणखी रक्त तिकडे साठवताय? उंचावरच्या डोकेदुखीची ओळखच अशी की वाकलं, खोकलं, जोर केला की ती वाढते, डॉक्टरांच्या डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हेच लिहिलंय. बुटाची लेस बांधायला वाकल्यावर कसं ठणकतं ते लेहला गेलेल्या कोणालाही विचारा. आणि साधी डोकेदुखी सोडून त्या माणसाला मेंदूची किंवा फुप्फुसांची सूज सुरू झालेली असेल तर असं झोपवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं आहे, फुप्फुसांत पाणी होत असलेल्या माणसाला बसतं ठेवतात, आडवंसुद्धा करत नाहीत. डोकं उंच ठेवा. दोन उशा घ्या. एवढं एक तरी त्या ग्रुपवर जाऊ दे.

गोळीबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागेल, नाइलाजाने. ॲस्पिरिनने उंचावरची डोकेदुखी कमी होते, ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये छोट्या चाचणीत दाखवलंय. पण ते वेदनाशामक म्हणून, रक्त पातळ झालं म्हणून नाही. हेच काम पॅरासिटामॉल करते, आयब्युप्रोफेन करते, आणि पॅरासिटामॉलचा तर रक्त पातळ होण्याशी काही संबंधच नाही. उलट पाच हजार मीटरच्या आसपास डोळ्याच्या पडद्यावर आपोआप बारीक रक्तस्राव होताना दिसतात, कोरड्या हवेने नाकातून रक्त येतंच, तिथे स्टेंटवाल्या माणसाने, जो बहुतेक वेळा अजून एखादी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतच असतो, स्वतःच्या मनाने डोस दुप्पट करायचा? मामाने आहे तोच डोस चालू ठेवायचा आणि जायच्या आधी त्याच्या कार्डिओलॉजिस्टला भेटायचं, मामीला हेच सांगितलं. आणि मुलांना अर्धी द्या हे तर भयंकर आहे. सर्दी-तापात ॲस्पिरिन दिलेल्या मुलांना रेज सिंड्रोम होऊ शकतो, लिव्हर आणि मेंदू दोन्हीवर जातो, म्हणून मुलांना ती सहज म्हणून कोणी देत नाही.

रक्त घट्ट होतं यात अर्धं खरं आहे तेही सांगून टाकते. वर गेल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातलं पाणी कमी होतं त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा चढतो, आणि नवीन तांबड्या पेशी वाढून खरोखर फरक पडायला आठवडे लागतात. महिनोन्महिने वर राहणाऱ्या जवानांमध्ये गुठळ्यांचा त्रास दिसलाय, आणि पेरूमध्ये कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात वर्णन केलेला आजार आहे ज्यात वर्षानुवर्षं उंचावर राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन २१ च्या वर जातं. तो तिथे कायम राहणाऱ्यांचा आजार. आठ दिवसांच्या टूरवर पहिल्या रात्री डोकं दुखणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध नाही.

कापूर. २०२१ मध्ये कोविडमध्ये हीच पुरचुंडी फिरली होती, ओवा-लवंग-कापूर, तेव्हाही ऑक्सिजन वाढला नव्हता आणि आताही वाढणार नाही. कापराने नाकातल्या संवेदना चाळवतात आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हवा जास्त जात नाही. हुंगायचा तर हुंगा, पण लहान मुलांच्या हाताशी ठेवू नका, गिळला तर झटके येतात.

डायमॉक्सने लघवी जास्त होते हे खरं. पण तिचं काम ते नाही, ती मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त किंचित आम्ल होतं आणि त्यामुळे श्वास वाढतो, विशेषतः झोपेत, जेव्हा ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, सोडा फुळकवणी लागतो. सल्फाची ॲलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पाणी तहानेप्रमाणे आणि थोडं जास्त, पाच लिटर ढोसून सोडियम खाली आलं तर त्यानेही डोकंच दुखतं आणि उलट्या होतात.

व्यायामवाल्यांना होत नाही म्हणे. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जो पेपर लिहिला तो १,९२५ भारतीय जवानांचा आहे, उंचावर गेल्यावर आजारी पडलेल्या जवानांचा. यापेक्षा फिट माणसं कुठून आणायची? त्यातल्या काहींच्या पाठीत सुई घालून मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्याचा दाब मोजला तर आजारी असताना तो बरं झाल्यानंतरपेक्षा जास्त होता, म्हणजे पुन्हा तेच, वाढलेला दाब. आपल्याकडे दर रविवारी गड चढणारी मंडळी हमखास फसतात यात. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, लेहच्या निम्म्याहूनही कमी, तिथला स्टॅमिना चढायला उपयोगी, सवय व्हायला नाही, आणि स्टॅमिना असतो म्हणून हीच माणसं पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढतात.

राहिलं ते शेवटचं, दुखलं तरी पुढे जात राहा. बाकी सगळं चुकीचं आहे, हे मारणारं आहे. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर, गळाठा असेल तर त्या रात्री अजून वर झोपायला जायचं नाही, बस. पॅरासिटामॉल घ्या, तिथेच थांबा, बरं वाटलं तर पुढे. वाढलं तर खाली. माणूस सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालू शकत नसेल, बडबडत असेल, भलताच सुस्त असेल, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजनचे ते छोटे कॅन मिनिटांत संपतात, खरा सिलिंडर लागतो आणि उतरावं लागतं.

आणि इथेच लडाखची खरी अडचण आहे जी त्या मेसेजवाल्याला माहीतच नसावी. पँगाँग तलाव साधारण ४,२५० मीटरवर आणि तिथून लेहला परतायचं तर नेहमीच्या रस्त्याने आधी चांग ला हा घाट चढावा लागतो, पाच हजार मीटरच्या वर. म्हणजे खाली न्यायला पेशंटला आधी हजारभर मीटर वर न्यावं लागतं, तेही रात्री. म्हणून तिथला मुक्काम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नको. विमानाने गेलात तर लेहला किमान दोन पूर्ण दिवस काही न करता काढा, मग नुब्रा खोरं, तिथे जाताना खारदुंग ला हा घाट ओलांडावा लागतो पण खोऱ्यातल्या हुंडर गावात झोपायची जागा लेहपेक्षा खाली आहे, आणि पँगाँग सगळ्यात शेवटी. वेळ असेल तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने जा, कारगिल २,७०० च्या आसपास आहे. टूरवाल्याला बाकी काही विचारू नका, कुठल्या रात्री किती मीटरवर झोपवणार एवढं लिहून मागा, आणि ३,००० च्या वर एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उडी दिसली तर तिथे एक दिवस वाढवून घ्या, पैसे जास्त पडले तरी.