एका रविवारचं काम म्हणे!

कोण म्हणालं होतं की एक खोली रंगवायची म्हणजे एका रविवारचं काम? त्याला आणा माझ्यासमोर. आज नववा दिवस आहे. पलंग खोलीच्या मधोमध प्लास्टिक पांघरून बसलाय, कपाटातले कपडे बाहेर खुर्च्यांवर, केसांत पुट्टी, नखांत रंग, आणि एवढं करून भिंतीवर काय, तर स्विचबोर्डच्या वर सात गोल गोल डाग. सात! मोजलेत मी, रात्री झोप लागत नाही तेव्हा दुसरं करणार काय.

मुळात या कामाला "रंग मारणं" म्हणतात हीच फसवणूक आहे. रंग मारायला जेमतेम दोन तास लागतात हो, आणि तेवढंच काय ते मजेचं. बाकी सगळं नुसतं सामान ओढा, जुने पोपडे पत्र्याने खरवडा, खिळे उपटा, भोकं भरा, वाळायची वाट बघा, घासा, पुसा, परत भरा कारण पुट्टी वाळून आत बसलेली असते, परत घासा. आधी 180 चा जरा खरखरीत पॉलिश पेपर मग 220 चा बारीक, आणि ती धूळ! दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं होतं, तरी दोन खोल्या पलीकडे बंद ड्रॉवरमध्ये सापडली. बंद ड्रॉवरमध्ये!! कशी गेली मला खरंच कळत नाही.

आता ते सात डाग. तिथे आधी फोटो लावलेले होते, खिळे काढले, पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केलं, आणि मी प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी लावायच्या अस्तराचा, डबा उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, अगं एवढ्याशा ठिपक्यांना कशाला प्रायमर, रंगाखाली जातंय सगळं. आणि मी ऐकलं. मी!! तर कोरडी पुट्टी काय करते, रंगातलं पाणी आणि चिकटपणा दोन्ही शोषून घेते, आणि वर उरतो तो मेलेला, निस्तेज रंग. ओला असताना भिंत एकसारखी दिसत होती, आम्ही दोघं कमरेवर हात ठेवून कौतुक करत उभे होतो. सकाळी उठून बघते तर सात चंद्र उगवलेत.

बरं ते तसेच राहू दिले असते तरी चाललं असतं, पण साहेबांना लगेच टच-अप करायचा होता. ब्रशने. अख्खी भिंत रोलरची, रोलरचे बारीक दाणे उठलेले, आणि मध्ये हे ब्रशचे फराटे, त्यामुळे आता डागांना किनार पण आली. समोरून बघितलं तर काही नाही, पण खिडकीतून तिरका उजेड आला की विषयच संपला. पाहुणे नेमके त्याच बाजूला बसणार हे लिहून ठेवा.

डब्यावर लिहिलंय दुसरा कोट 4 तासांनी. हवेत दमटपणा असला की त्या 4 तासांना काही अर्थ नसतो हे मला आता कळलंय, कारण घाईत रोलर फिरवला तर पहिला कोट रोलरला चिकटून वर यायला लागला, सालीसारखा. आणि टेप! स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीला, लावलेली टेप रंग थोडा ओला असतानाच हळूच तिरकी ओढून काढायची असते, आम्ही दमून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी काढली, रंगाची अख्खी पट्टी घेऊन आली ती सोबत. ज्यासाठी टेप लावली तीच एक जागा खराब.

शेडबद्दल तर बोलायलाच नको. दुकानात पांढऱ्याफेक दिव्याखाली नखाएवढा चौकोन बघून फिक्कट हिरवा निवडला. भिंतीवर लावला तेव्हा इतका फिका वाटला की मी पॅनिक, वाळला तेव्हा इतका गडद की परत पॅनिक (इमल्शन, म्हणजे हा पाण्यातला रंग, वाळलं की गडद होतं, हे आधी सांगायला काय होतं कुणाला), आणि आमच्या बेडरूमच्या पिवळ्या दिव्यात तो हिरवा पण नाही, शेवाळी. चार भिंती मिळून तर अजूनच अंगावर येतो.

आणि ते व्हिडिओवाले! पांढराशुभ्र टी-शर्ट घालून एका मिनिटात खोली रंगवतात, एक थेंब सांडत नाही. त्यांच्या रोलरची लव गळत नाही का रे? माझ्या नव्या रोलरने भिंतीला दाढी आणली. आधी चिकटपट्टी लावून सुटे धागे ओढून काढायचे असतात म्हणे, हे ज्ञान मला तिसऱ्या भिंतीनंतर मिळालं.

तर आता उपाय काय, सातही डाग घासायचे, प्रायमर लावायचा, आणि मग तेवढेच ठिपके रंगवून भागणार नाही, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत एका दमात, कडा ओली आहे तोवर. डब्यातला रंग पुरणार नाही. नवीन डबा आणला तर शेड उन्नीस-बीस होणार, म्हणून दोन्ही एका बादलीत मिसळून मग लावायचा. नवरा मघाशी येऊन विचारून गेला, "तिथे एखादं कॅलेंडर लावलं तर?"

कॅलेंडरला खिळा लागतो. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.