बाणकोटची ‘व्हिक्टोरिया’ राणी नव्हे

सावित्री नदीच्या मुखावरचा बाणकोट किल्ला इंग्रजांनी बांधला आणि व्हिक्टोरिया राणीचं नाव त्याला दिलं, असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या. किल्ला इंग्रजांच्या आधीचा. मराठे त्याला हिंमतगड म्हणत. आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांच्या हातून तो १७५५ साली गेला, पुढच्याच वर्षी पेशव्यांनी तहात इंग्रजांना दिला. ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ हे नाव तेव्हाचं. राणीचा जन्म १८१९चा! म्हणजे किल्ल्याचं बारसं राणीच्या बारशाच्या साठेक वर्षं आधीच झालेलं.

बाकी मेसेजमधला खाडीचा फोटो मात्र खरा आहे. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरा, वर चढा, आणि जांभ्या दगडात खोदलेला खंदक बघायला विसरू नका.