सातव्या ओळीतला फोन

"त्या काकांना राहू दे रे. ते घेत नाहीत, नुसते येतात."

शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या एका मोबाईलच्या दुकानात हे वाक्य माझ्याबद्दल बोललं गेलं. बोलणारा मुलगा असेल बावीसचा, अंगात कंपनीचा टी-शर्ट. ऐकणारा त्याच्याहून लहान, बहुतेक त्याच आठवड्यात लागलेला. तो बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन माझ्याकडेच येत होता. वाक्य ऐकून अर्ध्या वाटेतून परत फिरला, पाण्यासकट.

बोललेलं खोटं असतं तर मी भांडलो असतो. पण त्या दुकानातली ती माझी पाचवी खेप होती.

माझा सध्याचा फोन पाच वर्षांचा. त्याची चार्जिंगची पिन ढिली झालीय. वायर डावीकडे वाकवून तिच्यावर पोह्यांचा डबा ठेवला तरच चार्जिंग होतं, आणि डबा निदान अर्धा भरलेला लागतो. पोहे तळाला गेले की वजन कमी पडतं आणि चार्जिंग सुटतं. घरातले पोहे संपत आल्याचं सगळ्यात आधी मला कळतं. दुरुस्त का करून घेत नाही म्हणाल, तर नवा घ्यायचाच आहे, जुन्यावर खर्च कशाला? हा विचार मी गेले आठ महिने करतोय.

या आठ महिन्यांत मी एक एक्सेल शीट केलं. चौदा ओळी, एकतीस रकाने. एका ओळीत एक फोन. चौदापैकी सहा फोन अजून बाजारात आलेलेच नाहीत, पण म्हणून काय झालं? कुणाचा मॉडेल नंबर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, यादीत दिसलाय, कुणाच्या पाठीचा फोटो फुटलाय, कुणाची बॅटरी 7,000 एमएएचची असणार अशी कुजबुज आहे. बाळ पोटात असतानाच पत्रिका मांडायची, तसला प्रकार. बायको एकदा रात्री दीड वाजता उठून आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "फ्लॅट घेताना तू नळसुद्धा सोडून बघितला नव्हतास."

खरं आहे. पण फ्लॅटचं पुढचं मॉडेल तीन महिन्यांनी येत नाही ना!

बरं, अभ्यास करावा तर तो सरळ करू देतील तर शपथ. 2023 साली स्नॅपड्रॅगन 8 जेन 3 नावाचा प्रोसेसर, म्हणजे फोनचा मेंदू, आला. तो मी समजून घेतला. 2024 साली त्याच्या पुढचा आला, त्याचं नाव 8 एलिट. असेना का. 2025 साली त्याच्याही पुढचा आला, तर त्याचं नाव 8 एलिट जेन 5! कंपनीचं म्हणणं, 8 जेन 1 पासून मोजा, हा पाचवाच येतो. मोजला, येतो. तर लगेच नुसता 8 जेन 5 म्हणून आणखी एक काढला, आणि तो एलिटच्या खालचा. आमच्या वाड्यातही एका भावाला नाना, दुसऱ्याला अण्णा आणि तिसऱ्याला बाळ म्हणत, आणि बाळ साठीचा होता. पण थोरला कोण, हे विचारलं तर कुणीही सांगायचं. इथे एकतीसपैकी चार रकाने निव्वळ कोण कुणाचा थोरला हे लावण्यात गेले.

आणि एवढं थांबून मिळालं काय? सातव्या ओळीतला फोन दिवाळीत 27,999 ला होता. "नवीन आला की हा उतरेल," असं मी घरात जाहीर केलं. एरवी उतरतातही. पण मध्येच जगभरच्या एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीच्या चिप लागायला लागल्या, बनवणाऱ्यांनी माल तिकडे वळवला आणि रॅम महागली. आता तोच फोन 30,999. कुणीतरी तिकडे बसून मांजराला पगडी घातलेलं चित्र काढून घेणार आणि वरचे तीन हजार मी भरायचे. हे मी ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

तर शनिवारी. माझ्या शेजारी काउंटरवर एक काकू होत्या. सत्तरीच्या आसपास, पंचवटीतून रिक्षाने आलेल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत खणाचं पाऊच, पाऊचमध्ये रबरबँड लावलेला फोन. टी-शर्टवाला त्यांना सांगत होता, "आजी, यात सोळा जीबी रॅम आहे."

मी गप्प बसायला हवं होतं.

"सोळा नाही, आठच आहे," मी म्हणालो. "वरची आठ स्टोरेजमधून उसनी घेतलेली. तिला व्हर्च्युअल म्हणतात. ती खऱ्या रॅमइतकी चालत नाही."

काकूंनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथलेच का?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

याचं काय उत्तर द्यायचं? माझ्याकडे शीट आहे म्हणू? पण तेवढ्या वेळात माझी नेमणूक झाली होती. काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धरा जरा. आता याला विचारा, कॅमेरा कसाय."

"दोनशे मेगापिक्सेल," टी-शर्टवाला माझी नजर चुकवून म्हणाला.

"आहे दोनशेचा," मी म्हणालो, "पण एरवी सोळा पिक्सेल मिळून एक करतात. फोटो निघतो साडेबाराचाच."

"म्हणजे आमंत्रणं दोनशे आणि पंगतीला साडेबारा," काकू म्हणाल्या. "अर्धा कोण?"

मला काही सुचेना. नवीन लागलेला पोरगा हळूच म्हणाला, "हाफ तिकीट असेल." त्याला मी मनातल्या मनात पाण्याबद्दल माफ केलं.

पुढे टी-शर्टवाल्याने आयपी69 काढलं, म्हणजे फोन पाण्याला किती दाद देत नाही याचा आकडा. हे माझ्या तेविसाव्या रकान्यातलं असल्यामुळे मला राहवलं नाही. 68 म्हणजे पाण्यात बुडाला तरी चालतो, किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवणार. 69 म्हणजे 80 अंशांच्या पाण्याचा जोरदार फवारा जवळून मारला तरी आत पाणी जात नाही. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "80 अंशांचं पाणी फोनवर कोण मारतं?"

"कुणी नाही."

"मग सांगता कशाला? आमच्याकडे बंब होता तेव्हा सुद्धा कुणी त्याच्यात काही टाकलं नाही."

इथे कुणाला वाटेल की या काकू मोठ्या शहाण्या होत्या आणि मी त्यांच्यापुढे उघडा पडलो. तसलं काही नाही. पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांनी मला तीनदा विचारलं की जुन्या फोनमधलं नेट नव्या फोनमध्ये ओतता येतं का. जावई कॅनडात आहे, तर तिकडचा फोन इकडे लवकर वाजतो का, हेही विचारलं. पण त्यांचं मागणं एकच होतं. गच्चीवर वाळवण घालताना खाली ठेवलेला फोन ऐकू आला पाहिजे. ऐकू येत नाही, मग जावई म्हणतो, आई मुद्दाम उचलत नाहीत.

"रिंग मोठी हवी," त्या म्हणाल्या. "वाजवून दाखवा."

दुकानात वाजवून दाखवली. "इथे कुणालाही ऐकू येईल," म्हणाल्या, आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऐकू आलं तर हात वर करणार, असं ठरलं. मांडलेल्या फोनांना मागून वेटोळ्याची वायर चिकटवलेली असते, ती दारापर्यंत जेमतेम पुरते. टी-शर्टवाला म्हणाला, "काका, तुमचे हात लांब आहेत."

म्हणून एम. जी. रोडवर, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, सत्तेचाळीस वर्षांचा मी एका खांद्याला काकूंची पिशवी अडकवून, दुसऱ्या हातात वाजता फोन धरून दुकानाच्या दारातून बाहेर झुकलेला होतो. पहिला फोन. मध्ये दोन रिक्षा, एक बुलेट. काकू उसाच्या चरकाशेजारी कानाला हात लावून उभ्या. हात वर नाही. दुसरा फोन. हात वर झाला, पण तो रसाचा ग्लास घेण्यासाठी. तिसरा फोन सातव्या ओळीतला. माझा. म्हणजे माझ्या मनातला. आठ महिन्यांत तो मी पहिल्यांदाच एवढा वेळ हातात धरला होता, म्हणून असेल, मी जरा जास्तच झुकलो. मागचं स्टिकर सुटलं आणि चोरीचा भोंगा वाजला.

रस्ता थांबला. शेजारच्या चपलांच्या दुकानातून माणसं बाहेर आली. सिक्युरिटीवाल्याने माझा दंड धरला. मी बायकांची पिशवी आणि दुकानाचा फोन घेऊन दारात, आणि दंडाला हात. रसवंतीपाशी काकूंनी दोन्ही हात वर केले होते.

"हाच!" त्या रस्ता ओलांडत ओरडल्या. "काय खणखणीत वाजतो!"

"काकू, हा फोनचा आवाज नाही. हा चोरीचा भोंगा आहे." हे मी चार वेळा सांगितलं. टी-शर्टवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, राहू द्या ना." मग दोन मिनिटांत त्याने सायरनची रिंगटोन शोधून फोनमध्ये टाकून दिली. काकूंनी पिशवीतून पैसे काढून मोजले. मी आठ महिने बघत होतो तो फोन त्यांनी अर्ध्या तासात घेतला. प्रोसेसर कुठला हे विचारलं नाही. रंग मात्र विचारला.

मग खोका उघडला, तर त्यात चार्जर नाही. 2020 साली आयफोन 12 च्या खोक्यातून पहिल्यांदा तो गेला तेव्हा सांगितलं होतं की पर्यावरणासाठी. मग बाकीच्यांनाही एकेक करून पर्यावरण आठवलं. काकूंचा जुना चार्जर जुन्या पिनचा, तो बसेना. टी-शर्टवाला म्हणाला, चार्जर 1,499, वेगळा. पर्यावरण वाचवायचं तर 1,499 घेऊन तेच कसं विकता येतं, असं मी जरा आवाज चढवून विचारलं. मला खरंच राग आला होता. दुकान गप्प झालं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो. द्या तो चार्जर. या भाऊंना बोलायची सवय आहे."

पुढचा सव्वा तास मी त्यांचा जुना फोन नव्यात उतरवत बसलो. "तुम्हाला कळतं ना त्यातलं," एवढ्यावर. नऊ हजारांवर फोटो. त्यात गुलाबांचे, गजाननाचे आणि कपबशांचे शुभ प्रभात सात हजार तरी असतील. मी म्हणालो, हे पुसू का? त्यावर त्यांनी अशा नजरेने पाहिलं की देव्हाऱ्यातल्या मूर्तींना हात लावतोय. दुकानाकडून चहा आला. एकच. टी-शर्टवाला म्हणाला, "आजींचा आहे." वर फोनबरोबर पाण्याची बाटली फुकट होती, तीही आजींची. मला पुढच्या महिन्यात येणाऱ्या फोनचा कागद दिला. तो आता पंधराव्या ओळीत आहे, पण तो मुद्दा वेगळा.

शेवटी अंगठ्याचं आलं. काकूंचा अंगठा काही केल्या घेईना. "आधारच्या वेळीही असंच झालं," त्या म्हणाल्या. "भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत." टी-शर्टवाल्याला सेन्सर चांगला असल्याचं दाखवायचं होतं. "काका, अंगठा द्या." दिला. एका झटक्यात घेतला. मग त्यांच्यासाठी आधी लावलेली चार आकड्यांची पिनच ठेवली, आणि माझा अंगठा काढायचा राहून गेला. दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. काकूंनी माझा नंबर एका वहीत लिहून घेतला आणि रिक्षात बसल्या.

मंगळवारी दुपारी मीटिंगमध्ये असताना अनोळखी नंबर. शेजारणीच्या फोनवरून काकू.

"अहो भाऊ, ती पिन विसरले मी. सकाळपासून तो वाजतोय आणि उचलायला गेले की दुसरंच काहीतरी उघडतंय. शेजारचे म्हणतात पोलीस आले का. तुमचा अंगठा घेऊन या."

अंगठा घेऊन गेलो. दुसरं काय करणार? तपोवनाकडच्या रस्त्याला वळलो तेव्हापासूनच मला सायरन ऐकू येत होता, तेव्हा रिंगबद्दल काकूंचं म्हणणं बरोबरच होतं. फोन हातात घेतला, अंगठा टेकवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. ओला अंगठा लावून पाहिला, तरी उघडला. काकू म्हणाल्या, "बाळा, तुझ्यासारखा मुलगा जवळ राहायला हवा होता." मग त्यांना जुनी पिन आठवली, ती मी त्यांच्या वहीत लिहून दिली. अंगठा काढू का विचारलं, तर म्हणाल्या, "असू दे, पुन्हा विसरले तर?"

रात्री घरी आलो, वायर वाकवली, वर डबा ठेवला आणि शीट उघडलं. सातवी ओळ, एकोणिसावा रकाना, फिंगरप्रिंट. तिथे मी आठ महिने प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. ते काढून "उत्तम" लिहिलं.