चंद्र उगवायच्या आधीचं दूध

२०२४च्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली होती: लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला? काशीचे पंडित ३१ म्हणत होते, आपली बहुतेक पंचांगं १. शेवटी धाकटे काका वैतागले. "त्या ज्यूंचं बघा, जगभर एक तारीख. आपल्यालाच काय धाड भरलीय?" पुण्यात पूजा १ला झाली. इथे न्यू जर्सीत आम्ही ३१लाच उरकली, कारण १ तारखेला सकाळी पावणेनऊलाच आमची अमावास्या संपत होती. दारात पणत्या आणि चॉकलेट मागायला आलेली हॅलोवीनची भुतं, एकाच वेळी.

काकांना उत्तर द्यायचं राहूनच गेलं. ज्यूंची तारीख एक आहे, कारण त्यांनी त्यासाठी आकाशाकडे बघणं सोडलं. पूर्वी जेरुसलेममध्ये चंद्रकोर पाहिल्याची साक्ष घेत आणि मग डोंगराडोंगरावर जाळ करून महिना लागल्याचं कळवत. कुणी खोटे जाळ पेटवायला लागलं, तेव्हा जासूद धाडू लागले. लांबच्यांना निरोप वेळेत पोचेना, म्हणून ते सण दोन दिवस पाळू लागले. पुढे गणित आलं: १९ वर्षांत ७ अधिक महिने, जवळपास आपल्यासारखंच. शंका फिटली, पण इस्राएलबाहेर दुसरा दिवस राहिलाच. आमच्या शेजारचे आजोबा वल्हांडणाचं, म्हणजे पासओव्हरच्या सणाचं, जेवण अजूनही दोन रात्री मांडतात.

सोय त्यांनीही बघितलीच आहे. रोश हशाना, म्हणजे त्यांचा पाडवा, रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ देत नाहीत; गणितात तसा आला तर पुढे ढकलतात. रविवारचं कारण वेगळं; पण बुधवारी किंवा शुक्रवारी आला, तर योम किप्पूरचा उपास शनिवारच्या शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाला, खेटून यायचा आणि लागोपाठ दोन दिवस ना चूल पेटायची, ना मृताला मूठमाती मिळायची. पण ही ढकलाढकल सगळ्यांसाठी एकदाच ठरून गेलेली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची दरवर्षी नव्याने, हॉल मिळेल तशी. गणपती शनिवारी, दिवाळी सण उलटल्यावर पुढच्या कुठल्यातरी शनिवारी. तेव्हा काका, खुशाल भांडा. अमावास्या किती वाजता संपते हे तुम्हाला निदान माहीत तरी असतं.

२०२५ची कोजागरी सोमवारी, ६ ऑक्टोबरला होती. त्याच संध्याकाळी शेजारच्या आजोबांचा सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, लागला. परसात फळ्यांचा मांडव, वर मक्याची ताटं, इतकी विरळ की आतून चांदणं दिसावं. त्यांची मुलगी सणाच्या दोन दिवसांसाठी मंगळवार-बुधवारची रजा टाकून आली होती. कुंपणापलीकडून आजोबांनी विचारलं, "आज तुमचंही काहीतरी असतं ना?"

"शनिवारी आहे," मी म्हटलं.

शनिवारी हॉलच्या पार्किंगमध्ये मसाला दूध वाटलं. झकास झालं होतं, बदाम-पिस्ते सढळ हाताने. साडेआठला पातेलं रिकामं झालं, खुर्च्या आवरल्या. चंद्र अजून उगवायचा होता.