‘सूरवेडा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: तो एक ‘च’ आणि बाकीचं

सूरवेडाजी, नमस्कार.

सॅक्सोफोनचे प्रकार कसे ओळखावेत या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला. तिसऱ्यांदा तुमचं एक म्हणणं पटलं, तेव्हा ते आधी कबूल करतो. ‘सोप्रानो सरळच असतो’ यातला ‘च’ चुकला. (लहानाकडून मोठ्याकडे सोप्रानो, आल्टो, टेनर, बॅरिटोन हे सॅक्सोफोनचे नेहमीचे प्रकार.) वळणाचा सोप्रानोही असतो, सरळ नळीचा आल्टोही बनतो. ‘च’ काढून टाकला आहे.

पण त्याच्यापुढे तुम्ही लिहिलंत, ‘लेखकाने आधी वाद्य हातात धरावं, मग शिकवावं.’ हे कशासाठी? चूक दाखवून झाली होती की! गेली 22 वर्षं मी टेनर वाजवतो आहे. वाद्याचं वजन गळ्यातल्या पट्ट्यावर असतं म्हणतात, तरी उजव्या अंगठ्याला आधाराच्या हुकाने पाडलेला घट्टा आहे तो आहेच. त्याचा फोटो जोडायचा का पुढच्या लेखाला? अज्ञान दाखवून द्यायला माझी काही हरकत नाही. पण माझ्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे तुम्हाला कुठून कळलं?

आणि ज्या वाक्यावर तुम्हाला ‘हसू आलं’, त्याच्या खालचा परिच्छेद वाचलात का? त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नळीच्या वळणावर जाऊ नका, नेक बघा, म्हणजे माउथपीस (तोंडात धरायचा भाग) वाद्याच्या अंगाला जोडणारी वरची छोटी नळी. आल्टोची नेक अंगातून वर येते आणि जवळपास काटकोनात माउथपीसकडे वळते. टेनरची आधी वर चढते, मग किंचित खाली झुकते आणि पुढे माउथपीसला जाऊन मिळते. बाजूने पाहिलं की हंसाच्या मानेसारखी दिसते. बॅरिटोनला तर वरच्या टोकाला नळीचा आख्खा वेढाच असतो. वळणाचा सोप्रानो समोर आला तरी तो एवढा पिटुकला असतो की शेजारी आल्टो ठेवला की घोटाळा उरत नाही. तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत नेकचा ‘न’सुद्धा नाही.

सी-मेलडी, म्हणजे आल्टो आणि टेनरच्या मधल्या आकाराचा सॅक्सोफोन, मी ‘विसरलो’ म्हणता. अहो, मी तो विसरणं शक्यच नाही! टेनर म्हणून मी पहिलं जुनं वाद्य विकत घेतलं, ते सी-मेलडी निघालं. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसावं, असं समजून मी त्याला केव्हाच माफ केलं आहे. पहिल्याच तालमीत टेनरसाठी लिहिलेल्या स्वरांचा कागद पुढे ठेवून वाजवायला लागलो आणि प्रत्येक सूर सगळ्यांपेक्षा एक पूर्ण स्वर वर. दोन ओळींनंतर पियानोवाला थांबला, वाद्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हे काय आणलंस?’ (हो, त्याची नेक टेनरसारखीच झुकलेली होती. तुम्ही म्हणण्याआधी मीच सांगतो.) पण 1920च्या दशकात घरोघरी वाजणारं ते वाद्य आज नवशिक्याच्या हाती क्वचितच पडतं, म्हणून लेखात घेतलं नाही.

‘आवाजावरून ओळखायला शिकवा’ हा तुमचा सल्ला ऐकायला छान आहे. आल्टोचे खालचे सूर आणि टेनरचे वरचे सूर एकाच टापूत येतात. नवख्या कानाला तिथे काय कळणार? बोटांकडे बघूनही उपयोग नाही. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्सने 1846 मध्ये पेटंट घेतलं ते या सगळ्या कुटुंबाचं, त्यामुळे बोटं सगळीकडे जवळजवळ तीच. कागदावर लिहिलेला सी हा स्वर वाजवला की आल्टोतून ई फ्लॅट निघतो आणि टेनरमधून बी फ्लॅट, एवढाच काय तो फरक. तो ऐकून ओळखणाऱ्याला माझ्या लेखाची गरजच नाही.

बास सॅक्सोफोन लेखात का नाही म्हणाल, तर लेख नवशिक्यांसाठी होता. असो.

तुमच्याकडे वळणाच्या सोप्रानोचा फोटो असेल तर पाठवा, लेखात लावतो. फक्त नेक नीट दिसेल असा पाठवा.