डायरेक्ट फॅक्टरीवाला कसा गाठावा

ऑनलाइन कपडे विकायचं ठरवलंत, फार उत्तम. कापसाला भाव नाही, सोयाबीन पिवळं पडलं, पोरगं डिग्री घेऊन घरी बसलंय. घरात काहीतरी चालू असलेलं बरं. गिऱ्हाईक कुठून येईल हे नंतर बघू. आधी होलसेलर पाहिजे, आणि तो शोधण्याची एक पक्की रीत आहे. ती नीट पाळलीत तर दिवाळीपर्यंत माजघरात मालाची थप्पी लागलीच म्हणून समजा. ती नंतर हलत नाही, हा वेगळा विषय.

होलसेलर लांबचा हवा. आपल्या दर्यापूरहून अमरावती तास-दीड तासावर. तिथे नागपूर रोडला बिझीलँड, सिटीलँडसारखी कापडाची अख्खी घाऊक मार्केटं उभी आहेत. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले दुकानदार तिथून गाठोडी भरून नेतात. म्हणूनच तिकडे फिरकू नका. तिथला व्यापारी समोर बसलेला दिसतो, चहा पाजतो, माल उलगडून दाखवतो, आणि पुढच्या महिन्यात त्याच गाळ्यात सापडतो. यात धंद्याची मजा काय राहिली? त्यातून बाईमाणसाला मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट. अर्ध्या तिकिटात भेटणारा माणूस खरा होलसेलर कसा असेल? नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड बाजाराचंही तेच. होलसेलर सुरतेचाच पाहिजे. मात्र सुरतेलाही जाऊ नका. अमरावतीहून सुरतेला थेट रेल्वे आहे आणि स्टेशनाहून रिंग रोडचं कापड मार्केट रिक्षाच्या अंतरावर आहे, हे घरात कोणाला कळू देऊ नका. आपली सुरत मोबाइलमध्येच बरी.

मोबाइल उघडलात की 99 रुपयांत 5,000 होलसेलरांची यादी विकणारा भेटेलच. घ्या. इतके स्वस्त कारखानदार ज्याच्या खिशात आहेत तो स्वतः कापड विकायचं सोडून यादी का विकतो, असले प्रश्न शेजारच्या मास्तरांनी विचारावेत. यादीतल्या एका नंबरावरून ग्रुपात शिराल. ग्रुपाच्या नावात ‘डायरेक्ट’ आणि ‘फॅक्टरी’ हे दोन्ही शब्द आहेत ना, बघून घ्या. तीच साडी, तीच मॉडेल, तोच फोटो चार ग्रुपांत चार भावांनी दिसेल. याचा अर्थ तुमचा कारखानदारही तुमच्यासारखाच फोटो पुढे ढकलणारा आहे, असा काढायचा नाही. फोन लावल्यावर मागून ‘अवो, थे कोंबडी हाकला ना!’ असं ऐकू आलं, तरीही नाही. सुरतेतही कोंबड्या असतील.

आता माल पसंत करायचा. इथे विदर्भातल्या माणसाला थोडं अवघड जातं, कारण त्याला कापूस कळतो. कापसाची गाडी घेऊन तुम्ही केंद्रावर जाता तेव्हा ग्रेडर कोपरापर्यंत हात खुपसतो, बोंड चिमटीत धरून धागा ओढून बघतो, कवडी निघाली की तोंड वाकडं करतो, मशीन लावून ओलावा मोजतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. तुम्ही चिडता, पण मनातून तुम्हालाही ठाऊक असतं की न बघता घेणारा मूर्ख. ही सगळी अक्कल त्या दिवशी बैलगाडीतच ठेवून या. ‘प्युअर कॉटन, आठ पीसचा सेट, सॅम्पल मिळणार नाही’ असं लिहून आलं की समजा, काम झालं. सॅम्पल मागितलं तर कारखानदार नाराज होतो. दोन पीसचे पैसे मोजून मागवून बघणं, शिवणीचा दोरा उपसून काडी लावणं, सुती असेल तर मऊ राख होते आणि पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो हे ताडणं, असल्या खेड्यातल्या खोड्या मोठ्या धंद्यात शोभत नाहीत.

जीएसटी नंबर मागू नका. त्याने आपणहून दिलाच तर वाचू नका. त्या 15 अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे असतात: गुजरातचे 24, महाराष्ट्राचे 27, दिल्लीचे 07. ‘सुरत फॅक्टरी’चा नंबर 27 ने सुरू झाला तर त्यांची इकडेही शाखा असेल असं समजूतदारपणे घ्या. सरकारी पोर्टलवर तो नंबर टाकला की फर्मचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू की रद्द, सगळं फुकटात दिसतं. फुकटाची माहिती घेऊन काय करायचं? आपण 99 रुपये मोजलेली माणसं.

स्वतःच्या जीएसटीची मात्र भरपूर काळजी करा. मालाची वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल आणि राज्यातल्या राज्यातच विकत असाल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरही नोंदणीवाचून, नुसता एनरोलमेंट नंबर काढून विकता येतं. पण पहिली कुर्ती विकायच्या आधी 40 लाखांच्या चिंतेने आठवडाभर झोप उडाली पाहिजे, त्याशिवाय उद्योजक झाल्यासारखं वाटत नाही.

पैसे पूर्ण आगाऊ. क्यूआर स्कॅन केल्यावर फर्मऐवजी कुठल्यातरी मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं नाव आलं तर थांबू नका, अंगठा दाबा. पक्कं बिल नको म्हणा. तेवढेच पाच टक्के वाचतात, आणि उद्या भांडायची वेळ आली तर हातात कागद नसल्याने मन शांत राहतं.

मग बिल्टी येते, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती. भाडं टू-पे, म्हणजे माल सोडवताना आपणच द्यायचं, वर हमाली, वर गावापर्यंत टमटम. हे पैसे कुर्तीच्या भावात धरायचे नाहीत. 150 ची कुर्ती 150 लाच पडली असं सगळ्यांना सांगायचं. पोतं दाभणाने शिवलेलं असेल, ते ओढून फाडा. मोबाइलवर व्हिडिओ काढत बसू नका. त्याशिवाय तक्रार ऐकणार नाही हे त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, पण बारीक अक्षर वाचायला आपण काय वकील आहोत? आतून आठ पीस निघतील: तीन एकाच रंगाचे, दोघांच्या बाह्या वेगळ्या लांबीच्या, एकाच्या गळ्याशी खडूची खूण तशीच, आणि उरलेले दोन इतके ढगळ की ‘फ्री साइज’ म्हणजे काय ते एकदाचं कळतं. एक धुऊन बघा. बादलीतलं पाणी जांभळं झालं की रंग पक्का नव्हता, एवढंच.

फोन करा. रिंग जाणार नाही. 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, लगेच लावला तर पैसे खात्यात अडवता येण्याची थोडी आशा असते; म्हणून लावू नका. गावात कळलं तर? पैसे गेल्याचं दुःख पुरवतं, पण ‘भाऊ, तुमचा ऑनलाइनचा धंदा कसा चालून राह्यला?’ हे पारावर ऐकवत नाही.

तरी एक-दोन ऑर्डरी येतील, कॅश ऑन डिलिव्हरीच्या. पार्सल दारात गेल्यावर ताई म्हणतील, ‘आता नाही बाप्पा, कापूस विकला की या.’ परतीचं भाडं तुमचं.

उरलेला माल संक्रांतीला कामी येतो. हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा कुर्त्या लुटा. बाया खूश होतात. त्यातली एखादी हात लावून विचारेलच, ‘वहिनी, माल कुठचा वो?’ सांगा, डायरेक्ट सुरत. नंबर मागितला तर बिनधास्त देऊन टाका. त्याने तुम्हाला ब्लॉक केलंय, तिला थोडंच केलंय.