21 दिवसांत ताशी 15 किलोमीटर: वेगवान गोलंदाजीविषयीच्या एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

पाऊस सरत आला की गोव्यातील क्लब आणि गावपातळीवरच्या क्रिकेटच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. ‘21 दिवसांत गोलंदाजीचा वेग ताशी 15 किलोमीटरने वाढवा’ असे त्याचे शीर्षक असते आणि मजकूर थोडक्यात असा असतो: वेग खांद्यातून येतो, म्हणून खांदे कमवा, रन-अप (चेंडू टाकण्यापूर्वीची धाव) जितका लांब तितका चेंडू वेगवान, शोएब अख्तरकडे पाहा, शरीर पूर्ण साइड-ऑन (फलंदाजाकडे खांदा करून, आडवे) ठेवून डाव्या हाताच्या मागून फलंदाजाकडे पाहा, रोज 100 चेंडू पूर्ण ताकदीने टाका, एका दिवसाचाही खंड नको, शीत-कडी (भात आणि माशांची आमटी) सोडा आणि प्रथिनांची पावडर घ्या, मग फरक मोबाइलवर मोजून स्वतःच खात्री करा. पेडणे-डिचोलीपासून काणकोणपर्यंत 15-16 वर्षांची मुले हे सारे मनावर घेतात. यातील बहुतेक वाक्यांत थोडेफार तथ्य आहे, त्यामुळे हा संदेश निव्वळ थापेपेक्षा अधिक त्रासदायक ठरतो.

खांद्याचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी 20 उच्च दर्जाच्या वेगवान गोलंदाजांच्या हालचाली मोजून 2013 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत गोलंदाजागणिक दिसणाऱ्या वेगातील फरकापैकी 74 टक्के फरकाचा उलगडा चार गोष्टींनी झाला: रन-अपचा वेग, चेंडू सुटतेवेळी पुढचा गुडघा किती सरळ आहे, पुढचा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत धड किती पुढे झुकते आणि हात किती उशिरा वर येतो. हा अभ्यास तंत्राचा होता, ताकदीचा नव्हता, त्यामुळे खांद्याचे व्यायाम निरुपयोगी आहेत असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. मात्र हात हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. पाय, कंबर आणि धड यांनी जे दिले तेच तो पुढे पोहोचवतो. खांद्याच्या मागच्या बाजूचे स्नायू जरूर बळकट करावेत, कारण चेंडू सुटल्यानंतर भिरभिरणाऱ्या हाताला आवरण्याचे काम त्यांच्याकडे असते आणि ते दुबळे असतील तर खांदा दुखू लागतो. ती दुखापत टाळण्याची तजवीज आहे. वेगाचे उगमस्थान वेगळे आहे.

रन-अपविषयीचा दावा अर्धवट खरा आहे आणि म्हणून त्यावर थांबणे भाग आहे. शोएब अख्तरने 2003 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध ताशी 161.3 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला आणि तो जवळपास सीमारेषेपासून धावत येई, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वरच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरलेला घटक म्हणजे क्रीजजवळ, म्हणजे चेंडू टाकण्याच्या रेषेजवळ, पोहोचतानाचा वेग, धावेचे अंतर नव्हे. जसप्रीत बुमराह काही पावले चालल्यासारखी आणि काही अडखळत धावल्यासारखी टाकून येतो, तरी त्याचा चेंडू ताशी 140 किलोमीटर ओलांडतो. वसीम अक्रमचा रन-अपही त्याच्या वेगाच्या मानाने आखूडच होता. शौकिया खेळाडूने रन-अपमध्ये आणखी 10 पावले वाढवली तर बहुधा तो क्रीजवर दमून, मंदावून पोहोचतो, त्याची पावले चुकतात आणि नो-बॉल वाढतात.

याहून मोठी अडचण पुढच्या पायाची आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. रन-अपमध्ये मिळवलेली गती चेंडूत उतरते ती पुढचा पाय ठामपणे रोवून शरीराला अडवतो म्हणून. सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबल्यावर स्वार जसा पुढे फेकला जातो, तसे कमरेवरचे शरीर रोवलेल्या पायावरून पुढे फेकले जाते आणि त्याच्यामागून हात येतो. गुडघा त्या क्षणी मुडपला तर गती तिथेच जिरते. पायात ताकद नसलेला मुलगा जितका जोरात धावत येईल तितका त्याचा गुडघा अधिक वाकेल, म्हणजे रन-अप वाढवून तो जे कमावतो ते शेवटच्या पावलावर गमावून बसतो. पुढचा पाय आदळताना त्यावर शरीराच्या वजनाच्या पाच पटींहून अधिक बल येऊ शकते; 60 किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत हा क्षणिक भार 300 किलोंच्या वर जातो. म्हणूनच ‘गुडघा सरळ ठेव’ असे नुसते ओरडून सांगणेही चूक आहे. एका पायावरच्या बैठका, उंचवट्यावरून उतरून एका पायावर स्थिर उभे राहणे, पोटऱ्या आणि मांड्यांची ताकद या तयारीला काही महिने द्यावे लागतात; त्यानंतर गुडघा बराचसा आपोआप सरळ राहू लागतो. आपल्याकडे सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) मैदानांत मातीचा थर पातळ आणि खाली जांभ्या दगड असतो, तर कित्येक गावांत सिमेंटच्या खेळपट्टीवर मॅट अंथरून खेळले जाते. अशा पृष्ठभागावर पाय आदळण्याचा धक्का जमीन शोषून घेत नाही, तो शरीरालाच सोसावा लागतो.

साइड-ऑनचा सल्ला मला संपूर्ण संदेशात सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो जुन्या, प्रतिष्ठित शिकवणीचा आधार घेऊन येतो. पूर्वी साइड-ऑन हीच एकमेव शुद्ध पद्धत मानली जात असे. आज साइड-ऑन, फ्रंट-ऑन (छाती फलंदाजाकडे) आणि या दोहोंमधली अशा तिन्ही शैली ग्राह्य धरल्या जातात. अट एवढीच की कंबर आणि खांदे एकाच दिशेने असावेत. घातक असते ती मिश्र शैली. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा मागचा पाय टेकतो तेव्हा त्याची बोटे फलंदाजाकडे असतील तर त्याची कंबरही फलंदाजाकडे उघडलेली असते. त्याच क्षणी ‘डाव्या हाताच्या मागून पाहा’ हा मंत्र आठवून त्याने खांदे वळवून छाती पंचाच्या दिशेला नेली, तर खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे होते. मग चेंडू टाकण्यासाठी खांद्यांना उलटे फिरावे लागते आणि पिळाचा सारा ताण पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील 82 तरुण वेगवान गोलंदाजांच्या 1989 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खांद्यांचे हे उलटे वळण 40 अंशांहून अधिक असलेल्या गोलंदाजांत मणक्याच्या ताण-अस्थिभंगाचे (वारंवारच्या ताणाने हाडाला तडा जाण्याचे) प्रमाण जास्त आढळले होते. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीसारख्या गोलंदाजालाही 1973 मध्ये याच दुखापतीमुळे दीर्घकाळ बाहेर राहावे लागले आणि नव्याने बांधलेली शैली घेऊन परतावे लागले.

तेव्हा मुलाला कोणत्या शैलीत बसवायचे हे संदेश वाचून ठरवू नये. त्याचा मागचा पाय स्वाभाविकपणे कसा पडतो ते आधी पाहावे. पाय क्रीजला समांतर पडत असेल तर साइड-ऑन खांदे त्याला शोभतील. बोटे फलंदाजाकडे वळत असतील तर खांदेही उघडेच राहू द्यावेत आणि नजर डाव्या हाताच्या आतल्या बाजूने न्यावी. उजव्या हाताच्या गोलंदाजाला कमरेच्या वर, बहुधा डाव्या बाजूला, पाठ मागे वाकवताना दुखू लागले तर ती ‘नस आखडली’ म्हणून तेल चोळत बसण्याची गोष्ट नव्हे. अशा वेळी गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. हाडावरचा सुरुवातीचा ताण साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

आता रोजच्या 100 चेंडूंचा हिशेब. 100 चेंडू म्हणजे 16 षटके आणि 4 चेंडू. 21 दिवसांत ती 350 षटके होतात. एखादा रणजीपटू एका सामन्यात 30 षटके टाकतो असे धरले तरी ही जवळजवळ 12 सामन्यांची गोलंदाजी झाली, तीही तीन आठवड्यांत आणि पूर्ण ताकदीने. इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे राबवलेल्या मर्यादांनुसार 13 वर्षांपर्यंतच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये (सलग टप्प्यात) 5 आणि दिवसात 10 षटके, तर 14-15 वर्षांच्या मुलाला स्पेलमध्ये 6 आणि दिवसात 12 षटकेच टाकता येत. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक गोलंदाजांच्या नोंदींवरून असेही दिसले आहे की एका सामन्यात 50 हून अधिक षटके टाकणाऱ्यांना पुढच्या 21 दिवसांत दुखापतीचा धोका वाढतो. दुखापत त्याच दिवशी होत नाही, उशिरा होते, आणि त्यामुळे मुलाला वा पालकांना ती त्या चेंडूंच्या भाराशी जोडताच येत नाही.

गोव्यात या धोक्यात पावसाळ्याची भर पडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदाने ओली, मळ्यांत भात उभे. चार महिने हातात चेंडू नसतो. मग चवथ (गणेश चतुर्थी) होते, दिवाळी जवळ येते, पहिल्या स्पर्धेची पत्रके लागतात आणि शून्यावरून थेट रोजच्या 100 चेंडूंवर उडी घेतली जाते. हाडांना आणि स्नायूबंधांना भार सोसायची सवय हळूहळूच होते. पावसात इनडोअर नेट मिळत असेल तर उत्तम, नसेल तर छपराखाली पायांचे व्यायाम चालू ठेवावेत. सप्टेंबरच्या मध्यापासून आठवड्याला तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, प्रत्येकी 4 षटकांनी सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एखाददुसरे षटक वाढवावे. सगळे चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याचीही गरज नाही. निम्मे चेंडू मध्यम वेगाने, शिवण सरळ ठेवून आणि मनगट चेंडूच्या मागे राखून टाकले तर अचूकता वाढते, शिवाय पाठीलाही उसंत मिळते. गावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत टाकलेली षटके या हिशेबात धरावीत की नाही असा प्रश्न नेहमी येतो. अवश्य धरावीत. टेनिस चेंडू सुमारे 58 ग्रॅमचा आणि लेदर चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा असला, तरी पुढचा पाय दोन्हींच्या वेळी तसाच आदळतो.

शीत-कडीवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. मासळी हा प्रथिनांचा चांगला स्रोत आहे आणि भात धावण्यासाठी लागणारी ऊर्जा देतो. अँटिग्वा बेटावरील उर्लिंग्ज या मच्छीमारांच्या गावात जन्मलेला अँडी रॉबर्ट्स वेस्ट इंडीजच्या भेदक वेगवान माऱ्याचा अग्रणी झाला. आपल्याकडच्या मुलांचे पोषण कमी पडते ते सकाळी उपाशीपोटी सरावाला गेल्याने आणि दमट हवेत पुरेसे पाणी न प्यायल्याने.

राहिला मोबाइलवरच्या मोजणीचा पुरावा. दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीजमधले (यष्टींपुढच्या रेषांमधले) अंतर 17.68 मीटर असते. चेंडूला ते कापायला 0.53 सेकंद लागले तर सरासरी वेग ताशी 120 किलोमीटर होतो. साध्या चित्रणात सेकंदाला 30 चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे एक चौकट 0.033 सेकंदाची. चेंडू सुटण्याची किंवा पोहोचण्याची चौकट निवडताना एकीने जरी चूक झाली तरी उत्तर 113 किंवा 128 येते. संदेशात सांगितलेली 15 किलोमीटरची वाढ ही नेमकी या चुकीच्या दोन टोकांमधली दरी आहे. कसलाही सराव न करता ती एकाच दुपारी ‘मिळवता’ येते. त्याखेरीज 14 ते 17 या वयात मुलाची उंची आणि ताकद वाढत असते, त्याबरोबर वेगही वाढतो आणि श्रेय त्या वर्षी वाचलेल्या संदेशाला मिळते. मोबाइल वापरायचाच असेल तर तो सेकंदाला 240 चौकटींवर लावून एकदा पॉपिंग क्रीजच्या रेषेत बाजूला आणि एकदा गोलंदाजाच्या पाठीमागे यष्टींच्या रेषेत ठेवावा. पहिल्या चित्रणात चेंडू सुटतानाचा पुढचा गुडघा पाहावा, दुसऱ्यात मागचा पाय टेकतानाची कंबर आणि खांदे पाहावेत. दोन-तीन महिन्यांनी त्याच जागांवरून पुन्हा चित्रण करून दोन्ही शेजारी ठेवले, तर वेगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती हाती लागते.